भोपळ्या आणि खोटं बोलणारं यंत्र

वेणूच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिला ओळखणारी माणसं अशा वेळी चार हात लांब राहत. पण चांद्रवसाहतीच्या दुरुस्तीघरातले वायंगणकरकाका तिला कुठे ओळखत होते! त्यांनी आपलं शांतपणे सांगून टाकलं, "भोपळ्या नापास. दुपारी वितळायला भट्टीत."

भोपळ्या म्हणजे वेणूच्या घरी बागकाम करणारा यंत्रमानव. पोटाने गोल आणि स्वभावाने हट्टी. वेणूला चालायला त्यानेच शिकवलं होतं. आणि कोडं असं, की तो अगदी ठणठणीत होता. सकाळीच त्याने वांग्याची रोपं लावली होती. तरी नेहमीच्या वार्षिक तपासणीत 'परीक्षक' नावाचं यंत्र सांगत होतं, की त्याच्या छातीतला विद्युतदाब (वीज पुढे ढकलणारा जोर) चोवीस व्होल्ट हवा, तो अठराच आहे.

"यंत्र खोटं बोलतंय," वेणू म्हणाली.

"यंत्र खोटं बोलत नसतं, बाळ. माणसं बोलतात."

त्या 'बाळ'ने तिचं डोकंच फिरलं. भट्टीकडे जाणाऱ्या पट्ट्यावर नापास यंत्रमानव ओळीने उभे होते. ती भोपळ्याशेजारी जाऊन बसली आणि उठायला साफ नकार दिला. शेवटी काकांनी तिच्या आबांना बोलावून घेतलं. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, वसाहतीतले विद्युतशास्त्रज्ञ.

"रागाव हवं तेवढं," आबा म्हणाले, "पण त्या रागाला काहीतरी काम दे. यंत्र चुकतंय हे कसं ओळखशील?"

वेणूने दात-ओठ खात विचार केला. "ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे, असं गणित त्याला घालीन."

आबांनी बारा व्होल्टची नवीकोरी बॅटरी जोडली. परीक्षकाने नऊ दाखवले. सहा व्होल्टची जोडली, तर साडेचार. दर वेळी पाव हिस्सा गायब! वायंगणकरकाका उगाचच चष्मा पुसू लागले.

आबांनी झाकण उघडलं. आत सर्किट बोर्ड (विजेच्या वाटा छापलेली पाटी) होता.

"इतक्या वाटा? सुरुवात कुठून करायची?" वेणूने विचारलं.

"मधोमध. आपला ठाऊक असलेला दाब थेट मधल्या जागी द्यायचा. आकडा हिशेबाप्रमाणे आला, तर पुढचा अर्धा भाग निर्दोष."

आकडा बरोबर आला. म्हणजे चोर अलीकडच्या अर्ध्यात होता. त्याचे पुन्हा दोन भाग केले, मग पुन्हा. असं करत वेणूचं बोट दोन वाटांमधल्या एका पिवळ्या-तांबड्या डागावर येऊन थांबलं.

"हे हळदकुंकू आहे," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली ना. म्हटलं, नुसत्या डब्याची काय पूजा करायची? खरा जीव आत असतो. म्हणून झाकण उघडून, बोट ओलं करून..."

"तो डाग हवेतली ओल धरतो," आबा म्हणाले. "मग थोडी वीज त्याच्यावरून दुसऱ्या वाटेला गळते. जेवढी गळते तेवढा आकडा कमी दिसतो."

आबांनी डाग नीट पुसून बोर्ड कोरडा केला. परीक्षकाने भोपळ्याचे चोवीस व्होल्ट दाखवले.

आता वेणू हसेल असं आबांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"खंडेनवमीनंतर भट्टीत गेले, त्यांचं काय?"

"त्यांच्यातलेही काही ठणठणीत असतील," आबा हळूच म्हणाले.

वेणूला रडू आलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला.

"उद्यापासून रोज सकाळी आधी परीक्षकाचीच तपासणी करीन," वायंगणकरकाका पुटपुटले.

"उद्यापासून कशाला?" वेणूने बाहीने डोळे पुसले. पट्ट्यावरच्या पुढच्या यंत्रमानवाचा हात धरून तिने त्याला खाली उतरवलं आणि परीक्षकासमोर आणून उभं केलं. "काका, आधी ती बॅटरी जोडून दाखवा. मगच याला हात लावा."