आलेखातलं खोटं टेकाड

ती प्रिंटरजवळ पोचली तेव्हा तिचा आलेख एका अनोळखी माणसाच्या हातात होता, आणि तो कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत होता.

"हे पहिलं टेकाड... बहुतेक खरं नाही," तो म्हणाला. ना ओळख ना पाळख, थेट हेच.

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत. ती काचेवर क्ष-किरण सोडायची, ते कसे विखुरतात ते मोजायची. मग सॉफ्टवेअर त्या मोजमापांवरून काचेतले अणू एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, त्याचा आलेख काढून द्यायचं. त्यात सुरुवातीलाच तिला एक नवंच टेकाड दिसलं होतं. सर खूश होते. परिषदेत ती ते मांडणार होती. आणि हा — ते सॉफ्टवेअर लिहिणाराच, नुकताच या इमारतीत आलेला — म्हणे खरं नाही. मोजमापं जिथे संपतात तिथे गणित एकदम तुटतं, म्हणून आलेखात खोट्या लाटा उठतात, असं त्याने समजावलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज तिच्या टेबलाशी यायला लागला. कधी चहा घेऊन, कधी उगीचच. टेकाडाचं नावही काढायचा नाही. तिचे कागद वाऱ्याने उडाले की हळूच खिडकी लावायचा, तिच्या फुसक्या विनोदांनाही हसायचा. मनात काही असेल तर असं तोंडावर बोलला कसा? आणि चूकच काढायची असेल तर — असा बघतो का?

"टेकाड बघायला रोज कोण येतं गं?" ताईने घरी विचारलं.

शेवटी एका दुपारी तिने चिडून, मोजमापं जिथे संपतात ती मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये जरा कमी केली. टेकाड सरकलं. आणखी कमी केली... पुन्हा सरकलं. अणू काही तिच्या मर्जीने जागा बदलणार नव्हते. सरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, परिषद पुढच्या वर्षी.

ती तडक त्याच्या खोलीत गेली. रडायला, भांडायला, की नुसतं त्याला बघायला, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"खोटंच निघालं," ती दारातूनच म्हणाली. "मग रोज कशाला येत होतात? तेच पुन्हा सांगायला?"

त्याचा चेहरा पडला. "ते तर पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं..." तो कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत राहिला. "येत होतो ते — तुम्ही आवडता म्हणून. पण तुमचा एवढा आनंद मीच मोडायला निघालो होतो. मग हे कुठल्या तोंडाने सांगणार?"

धाकटी आत येऊन खुर्चीत बसली. शोध गेल्याचं दुःख जिथल्या तिथे होतं, आणि तरी गाल गरम झाले होते. दोन्ही एकाच वेळी कसं होतं?

"मला आत्ता काहीच कळत नाहीये."

"उद्या येऊ?"

"नको." तिने शेजारची खुर्ची ओढली. "बस इथे. आधी त्या लाटा कशा घालवायच्या ते दाखव. आणि... मला तुम्ही म्हणू नकोस."

तो इतका गडबडला की स्वतःच लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला साधी फाइल उघडता येईना. डोळे पुसता पुसता ती हसायला लागली.