खिंडीतली तीनशे पावलं

बसा. शेकोटी मिळणार नाही, मेपासून बंदी आहे. आणि तो दिवा मालवा, किडे येतात. उन्हाच्या आधी म्हणून पहाटे तीनला निघायचंय ना तुम्हाला? खुशाल निघा. पण खिंडीपाशी वाटेचा एखादा तुकडा चालायचा राहिला, तर तो राहू द्या. परत फिरू नका. का म्हणून विचारू नका... बरं, विचारा.

एमेट सोर्ली माझा मित्र. ओहायोतला वेल्डर, एकसष्ट वर्षांचा, आणि हट्टी इतका की खेचरानं त्याच्याकडे शिकवणी लावावी. मेक्सिकोच्या कुंपणापासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत साडेसव्वीसशे मैल, एकही पाऊल न सोडता चालायचं, हे त्याचं वेड. पहिल्यांदा वणव्यानं घात केला, दुसऱ्यांदा बर्फानं. ही तिसरी आणि शेवटची खेप, बायकोला तसा शब्दच दिला होता. या वाटेवर सगळ्यांना टोपणनावं पडतात, त्याला पडलं होतं ‘फूटपट्टी’. गावात यायला वाट जिथं सोडली, परत जाऊन पाऊल नेमकं तिथंच ठेवायचा. बोटभर पुढं नाही.

तीन वर्षं झाली. सत्तावीस मे, शनिवार. तो आणि त्याच्याबरोबर चालणारी मिरची, म्हणजे चोवीस वर्षांची एक तिखट पोरगी, पार्सल घ्यायला गावात आले. पार्सलात एमेटचे नवे बूट होते, कारण पायातल्यांचे तळ चिकटपट्टीवर तगून होते. हा पोस्टात पोचला आणि दहा मिनिटांपूर्वी खिडकी बंद झालेली. उद्या रविवार, सोमवारी सुट्टी. म्हणजे थेट मंगळवार.

“नशीबच फुटकं!” माझ्या ओट्यावर बूट आपटत तो ओरडला. “पाणी दिसलं तर त्यात मेलेला उंदीर, सावली दिसली तर तिथं मुंग्या, आणि पोस्ट दिसलं तर कुलूप!”

“आणि परवा कड्यावरून पहिल्यांदा बर्फाचे डोंगर दिसले, तेव्हा रडत कोण होतं?” मिरची म्हणाली.

“डोळ्यांत वाळू गेली होती.”

“दोन्ही डोळ्यांत? अर्धा तास?”

थांबायला तो काही तयार होईना. रात्री नऊला मीच दोघांना गाडीतून खिंडीत सोडलं. आणि तिथं मी माती खाल्ली. वाट डोंगरावरून उतरते ती फाटकापाशी, तिथूनच ते गावाकडे आले होते. फाटकापासून ती रस्त्याच्या कडेनं वर वाहनतळापर्यंत जाते. मी शहाण्यानं दोघांना थेट वाहनतळावर उतरवलं. मधली तीनशे पावलं राहून गेली. अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही.

साडेअकराला, सहा मैल वर गेल्यावर, एमेट थबकला. “आपण फाटकापाशी उतरलोच नाही.”

“मग?”

“मग काय! परत जायला हवं.”

“तीनशे पावलांसाठी बारा मैल? अरे म्हाताऱ्या, परसात दोन फेऱ्या मारल्यास तरी भरतील तेवढी! कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“मग जा, मर तिकडे! मी झऱ्यापाशी झोपते.”

सहा मैल तो माझ्या नावानं शिव्या देत उतरला. हे त्यानंच मला सांगितलं.

दोन वाजले होते. अर्धा चंद्र होता, तोही मावळलेला. वारा पडलेला. त्यानं फाटकाला हात लावला, वळला, आणि मोजत निघाला.

शंभर. दोनशे. तीनशे.

वाहनतळ आला नाही.

चारशे. कपाळावरच्या दिव्यात वाळू, झुडपं, पुन्हा वाळू. डावीकडे रस्ता हवा होता... तो दिसेना. सहाशे. नऊशे.

“अरे, दोन हजार मैल उरलेत माझे!” तो रडकुंडीला आला. “आणि ही तीनशे पावलं संपेनात?”

पुढं कुणीतरी चालत होतं.

पाठीवर लाकडी चौकटीचं जुनं ओझं. हातात दिवा नाही. पावलांचा आवाज... नाही.

“अहो! वाहनतळ कुठाय?”

तो थांबला. वळला नाही.

“तुझीही इथंच राहिली?”

एमेट मोजायचं विसरला.

“माझी... कधीची शोधतोय. सापडत नाहीत.”

एमेटनं कपाळावरचा दिवा त्याच्या पाठीवर धरला.

“तुझी देतोस?”

“काय?”

“पावलं. मेक्सिकोपासूनची... सगळी. मग मी सुटेन. तूही सुटशील.”

एमेटचे तळवे रक्ताळलेले. डोकं फिरलेलं. तीन वर्षांचा वैताग एकदम तोंडाशी आला.

“घे! घे एकदाची! कंटाळलो मी!”

मग तो वळला.

चेहरा कसा होता, ते एमेटनं मला आजवर सांगितलेलं नाही.

पहाटे पाचला मी दुसऱ्या दोघांना सोडायला गेलो, तर एमेट वाहनतळावर फतकल मारून बसलेला. उठवला. दक्षिणेकडे धड चालत होता. उत्तरेकडे तोंड केलं की पाय उचलत नव्हता. मी ओढलं, रागावलो, शेवटी हात जोडले. पाय जमिनीला खिळलेला. डॉक्टरला काही सापडलं नाही. मंगळवारी पार्सलातले नवे बूट काखेत मारून तो बसमध्ये चढला आणि खिडकीतून मला म्हणाला, “रागात बोललो रे, हॉलिस. रागातलं बोलणं कुणी धरतं का?”

बस सुटली.

मिरची एकटी चालत राहिली. एकवीस सप्टेंबरला, उजाडता उजाडता, ती कॅनडाच्या हद्दीवरच्या खांबापाशी पोचली. तिथं वही असते, पोचेल त्यानं दोन ओळी लिहायच्या. तिच्या पुढं-मागं दिवसभराच्या अंतरात कुणी नव्हतं. त्याच सकाळी एमेट ओहायोत घरामागं टोमॅटो तोडत माझ्याशी फोनवर बोलत होता, रडत होता बिचारा, आज मीही तिथं असतो म्हणून.

मिरचीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या दिवसाची तारीख, एमेटचं ते ठाशीव, चौकोनी अक्षर: ‘मेक्सिकोपासून इथपर्यंत, एकही पाऊल न सोडता. फूटपट्टी.’ शाई अजून ओली होती. मिरचीचा अंगठा लागला तिथं ती पसरली होती.