मागचं चाक फिरवणारा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या परभणीकडे भूत म्हणजे पोरं जेवत नसली की काढायचं औषध. तेव्हा मी सांगतो ते ऐकून हसू आलं तर खुशाल हसा.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथे फिटर होतो. सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पेटी सायकलला बांधून घिवलीला गेलो, रत्नाबाईंची मोटार दुरुस्त करायला. त्यांचे यजमान खंडेराव मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. शेठ बंगला सोडून जाताना आपली जुनी, लढाईच्या आधीची गाडी त्यांनाच देऊन गेला. तिच्यावर खंडेराव बोईसर स्टेशनचे उतारू आणत. मागच्या पावसाळ्यात ते विषमज्वराने गेले. दामू, रत्नाबाईंचा भाऊ, गाडी चालवू लागला आणि आठ दिवसांत ती बंद पडली. खंडेरावांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळच्या आत गाडी केंद्राच्या फाटकाशी उभी राहिली, तर इंजिनिअर लोकांची ने-आण करायचं कायमचं काम तिला मिळणार होतं. नाही राहिली, तर दुसऱ्या दिवशी मनोरचा भंगारवाला येणार आणि रत्नाबाई लेकीला घेऊन दिरांच्या दारात जाणार. दिरांचं नाव काढलं की त्या बाईचा चेहरा उतरायचा.

आता थोडं इंजिनाचं ऐका. पुढच्या बाजूला, झाकणाखाली, दोन दातेरी चाकं असतात. एक लहान, एक मोठं. दोघांवर एकेक टिंब ठोकलेलं असतं. टिंबासमोर टिंब आणून दात बसवले की इंजिन सुरळीत चालतं. एक दात चुकला तर गाडी धड चालत नाही, कधी इंजिन सुरू करायचं हँडल उलटं फिरून मारणाऱ्याचं मनगट मोडतं. या गाडीच्या मोठ्या चाकाचे दात झडले होते. दामूने मुंबईहून जुन्याबरहुकूम नवं चाक कापून आणलं होतं.

गाडी सुरूच्या बनातल्या कुडाच्या खोपटात होती. तोंड दाराकडे, मागची बाजू आत अंधारात. दार एवढं एकच. मी रेडिएटर उतरवला, झाकण काढलं, प्लग काढून ठेवले. मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकली. असं केलं की मागचं चाक हाताने फिरवून इंजिन हवं तेवढंच, केसाएवढंसुद्धा फिरवता येतं. मात्र त्याला दुसरा माणूस लागतो. माझ्यासोबत जिवल्या होता, डोंगरातल्या पाड्यावरून बांधकामावर आलेला.

"मी सांगेन तेवढं फिरवायचं," मी त्याला बजावलं. "वाऱ्यात बोललेलं ऐकू येणार नाही. फिरवून झालं की मडगार्डवर एक थाप मार."

"बरं मिस्त्री."

भर दुपार झाली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. सुरूमधून वारा घूं घूं करत होता आणि लांबून समुद्राचा आवाज येत होता. मी मोठं चाक दोन्ही हातांत धरून, मान वाकडी करून लहान चाकाच्या टिंबाकडे बघत बसलो.

"थोडं पुढे."

टिंब सरकलं. थाप.

"आणखी थोडं…"

टिंब हळूहळू वर आलं. माझ्या टिंबासमोर येणार, तोच मी ओरडलो, "बस!"

ते थांबलं नाही. बरोबर एक दात पुढे गेलं आणि मग गाडीच्या मागून आवाज आला. ठक… ठक. थाप नव्हती ती. पत्र्यावर अंगठी वाजावी तसा आवाज.

"अरे, मागे घे! कान फुटले का तुझे?"

मागे आलं. पुन्हा पुढे घ्यायला सांगितलं, पुन्हा तेच. टिंब एक दात पुढे. ठक… ठक. मी शिव्या दिल्या. दुपारच्या उन्हात या गड्याला काय बाधलं कोण जाणे! पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पहिल्यांदा चाक जरा हिसक्यानं फिरत होतं. आता ते तेलासारखं फिरत होतं. आणि लिंबाचा वास येत होता. खोपटात ऑईल, पेट्रोल, गंजलेलं लोखंड. लिंबू कुठलं?

मी हातातलं नवं चाक निरखून पाहिलं. नमुन्याला दिलेल्या चाकाचे टिंबाजवळचेच दात झडलेले. कापणाऱ्याने टिंब ठोकलं होतं अंदाजाने. एक दात अलीकडे पडलंही असेल… मनाला ते पटलं. मी मुकाट्याने चाक होतं तसं, एक दात पुढे, बसवलं आणि म्हणालो, "जिवल्या, ये इकडे, बोल्ट आवळायला हात दे."

"आलो, मिस्त्री."

आवाज माझ्या पाठीमागून आला. दारातून.

मी वळलो. जिवल्या उंबऱ्यात उभा होता, मिशीला ताडीचा फेस.

"तू… कुठे होतास?"

"रागावू नका. पहिली थाप मारली न् तुमच्या मागनंच गेलो. लई तहान लागलेली. तिथं ताडाखाली आमच्या पाड्याचा माणूस हाय…"

त्याच वेळी आतून, अंधारातून, आवाज आला. ठक… ठक.

जिवल्याने माझा दंड धरला. "मिस्त्री… मागं कोण हाय?"

  जॅकची किरकिर सुरू झाली होती. आमच्या डोळ्यांसमोर गाडीची मागची बाजू हळूहळू खाली आली, आणि धक्का न बसता जमिनीला टेकली. निजलेलं मूल खाली ठेवावं, तशी. 

कंदील पेटवून आम्ही मागे गेलो. कोणी नव्हतं. चाकाला दगड लावलेला होता. जॅक भिंतीशी, गोणपाटात नीट गुंडाळून ठेवलेला. मी तसा कधीच ठेवत नाही.

कसंबसं झाकण, रेडिएटर, प्लग बसवले. पाणी घातलं, गिअर काढला आणि भीतभीतच हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं! दात घासल्याची चाहूल नाही, अडखळ नाही. जिवल्या भीती विसरून हसायला लागला.

बाहेर रत्नाबाई उभ्या होत्या. धुवट लुगडं, पायांत चपला, एका हाताला लेक. दुसऱ्या हातात अर्धं लिंबू आणि चिमूटभर राख.

"घ्या भावजी, हात धुवा. ह्यांना काम झालं की हेच लागायचं."

"वहिनी, गाडी सुरू झाली हे तुम्हाला कसं कळलं? घर तर गावाच्या त्या टोकाला."

"दोनदा वाजवलंत न्हवं? ते बी दोनदाच वाजवायचे. एक म्हंजी झालं. दुसरं म्हंजी चला, निघू." त्या थांबल्या. "तांब्याची अंगठी होती हातात. तिच्यासकटच त्यांना सरणावर…"

त्यांनी लिंबू माझ्या हातात दिलं. 

दामू गावात नव्हता. मायलेकींना बसवून गाडी मीच नेली. ऊन कलायच्या आत आम्ही फाटकाशी होतो. साहेबांनी इंजिनाला कान लावला, मान डोलावली, उद्यापासून या म्हणाले. रत्नाबाई लेकीला पोटाशी धरून रडल्या आणि रडताना हसल्या.  मी इंजिन बंद केलं.

ठक… ठक… ठक.

मागच्या मडगार्डवर. फाटकासमोर मोकळं मैदान, गाडीमागे कुत्रंदेखील नव्हतं.

"तीन कशाचं, वहिनी?" मी हळूच विचारलं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत भीती नव्हती. "तीन… कधीच न्हवतं," त्या म्हणाल्या. खाली उतरून मागे गेल्या, मडगार्डवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते वाऱ्यात ऐकू आलं नाही.

पुढे कितीतरी वर्षं दामूने ती गाडी चालवली. लेकीची वरात त्याच गाडीतून निघाली. पण संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर दामू लगेच खाली उतरत नसे. हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राही. विचारलं तर म्हणे, "जरा थांबा. तिसरं अजून वाजायचंय."