चंद्रावरच्या पाटीचं अक्षर

ऊर्मीच्या अक्षरांना पायऱ्या फुटल्या होत्या!

चंद्रावर पहिली शाळा उघडणार होती. तिच्या दारावर ‘चांद्रशाळा’ असं लिहायला साऱ्या महाराष्ट्रातून साताऱ्याच्या ऊर्मीचं अक्षर निवडलं होतं. तिने कागदावर झोकात लिहिलं. चंद्राकडे मोठी फाइल जात नाही, म्हणून फोटो अगदी लहान करून पाठवला. आणि आता तिथला यंत्रमानव खटपट्या पडद्यावर जी पाटी दाखवत होता, तिच्यातली प्रत्येक गोलाई जिन्यासारखी दिसत होती.

“संध्याकाळपर्यंत नीट आलं नाही, तर मी माझी साठवणीतली अक्षरं छापीन,” खटपट्या म्हणाला.

“तुझी अक्षरं ठेव तुझ्यापाशी!” ऊर्मी फणकारली. डोळे मात्र भरून आले होते.

तिच्या आजोबांनी, आबांनी, उभी हयात छपाईयंत्रांना शहाणं करण्यात घालवली होती. ते म्हणाले, “अगं, फोटो म्हणजे नुसते ठिपके. दाराएवढे ताणले, की चौकोन दिसणारच. दहा जणांचे मोदक ताणून शंभरांना पुरतील का?”

“छे! पण आईची कृती असली, तर हवे तेवढे करता येतील.”

“शाबास! छपाईवाल्यांनाही हेच सुचलं. आधीची यंत्रं ठरलेल्या अक्षरांचे ठसे उमटवायची. मग ठिपक्यांची आली, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शेवटी विसाव्या शतकाच्या अखेरीअखेरीस पृष्ठवर्णन भाषा (पानावर काय, कुठे काढायचं ते यंत्राला सांगणारी भाषा) रुळल्या. ‘इथून निघ, तिथवर वळ, आतली जागा रंगव.’ ठिपके किती, ते ज्या त्या यंत्राने ठरवायचं!”

ऊर्मीने आलेखकागदावर आपली अक्षरं गिरवली. एकेक वळण मोजून ती सांगत गेली, आबा टाइप करत गेले. एक आकडा चुकला आणि ‘द्र’चं पोट भलतीकडेच फुगलं. रडवेल्या ऊर्मीला खुदकन हसू आलं.

उन्हं कलायच्या आत त्या चार ओळींच्या सूचना चंद्रावर पोचल्या. पडद्यावर दाराएवढी पाटी उलगडली. ऊर्मीने पडद्याला नाक लावून पाहिलं. कुठे पायरी म्हणून नाही! तिच्या ‘ळ’ची ऐटबाज शेपटीसुद्धा जशीच्या तशी.

“मानलं बुवा!” खटपट्या म्हणाला. “याच सूचनांवरून मी मुलांच्या खिशावरचे इवले बिल्लेही छापले.”

“आणि मंगळावर शाळा निघाली तर?” ऊर्मीने विचारलं.

“तिथल्या यंत्राला ही भाषा आली, की झालं,” आबा म्हणाले. मग छाती फुगवून पडद्याकडे वळले. “कोणी विचारलं तर सांग हो, आमच्या ऊर्मीचं अक्षर आहे.”

“सांगतो की. पण आबा, इथली पोरं मघापासून दारात बसून तसाच शेपटीवाला ‘ळ’ गिरवतायत.”