देवराईचे पांघरूण

हिरडवळे गावात पाऊस दरवर्षीइतकाच पडला होता. तरीही देवराईतला (देवाच्या नावाने राखलेल्या वनातला) झरा फाल्गुनातच करंगळीएवढा झाला. हात धुवायलाही पाणी पुरेना. घरोघरी पोटाचे विकार बळावले. "झरा आटला, तर आपण शहरात राहायला जाऊ," असे बाबांनी सांगितल्यापासून शाल्मलीला अन्न गोड लागत नव्हते.

तिची इंदूआत्या परिसंस्थेची (परस्परांच्या आधाराने जगणारे सजीव व त्यांचे माती-पाणी यांची) अभ्यासक होती. शाल्मलीने तिला हट्टाने देवराईत नेले. तेथे गावाचा यंत्रमानव मार्जन तन्मयतेने झाडत होता आणि गावप्रमुख दत्तारामकाका कौतुकाने पाहत होते.

"तीन वर्षांत एक पान राहू दिले नाही यानं," काका म्हणाले. "देवाचं अंगण कसं आरशासारखं झालंय."

"काका, देवराईतली काडीही बाहेर न्यायची नाही, हा नेम ना तुमचा?" आत्याने विचारले.

"काडी कोण नेतंय? हा तर पाला. कचरा."

"कचरा नव्हे, वनाचं पांघरूण. ते तुम्ही रोज ओढून काढता."

आत्याने दोन तिरप्या ताटांत माती पसरली आणि शाल्मलीकडून एका ताटात पाला अंथरून घेतला. मग शाल्मलीने दोन्हींवर झारीने पाणी शिंपडले. उघड्या मातीवरून गढूळ लोट वाहिला. दुसऱ्या ताटातले पाणी मात्र पाल्याखाली हळूहळू मुरले.

"पाल्याखाली गांडुळं राहतात," आत्या म्हणाली. "ती मातीत बारीक वाटा करतात. त्या वाटांनी पाणी खडकात उतरतं."

"आणि तेच उन्हाळ्यात झऱ्यातून येतं," शाल्मली सावकाश म्हणाली. "म्हणजे पाला गेला, गांडुळं गेली, पाणी मुरायचं थांबलं आणि आम्ही आजारी पडलो."

मार्जनचा झाडू थांबला. "माझ्या हातून अपराध घडला काय?"

"तुला शिकवणारे आम्हीच रे बाबा," काका ओशाळून म्हणाले. "आता बाहेर टाकलेला तो सगळा पाला परत आणून पसर. तेवढंच पुण्य पदरात पडेल."

शाल्मलीच्या बाबांनी एक वर्ष थांबण्याचे कबूल केले.

ते वर्ष सरले. चैत्र उजाडला, तेव्हा झरा पूर्वीसारखा दांडगा नव्हता. परंतु मनगटाएवढ्या धारेने अखंड वाहत होता. बाबा ओंजळभर पाणी प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "शाल्मले, शाळेत सांगून टाक, पुढच्या वर्षीही इथेच."

शाल्मली धावतच सुटली. पण देवराईच्या वाटेवर तिने वेग आवरला, कारण मार्जन तेथे ओणवा होऊन एका गांडुळाला रस्ता ओलांडू देत होता.

"याला घाई नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "याचे काम चालू आहे."

शाल्मली त्याच्या शेजारी उकिडवी बसली, आणि दोघेही त्या इवल्या कारागिराची वाट मोकळी होईपर्यंत थांबून राहिले.