गाडीखालचं सारवण

या गोष्टीला मीठमसाला लावलेला नाही. ते घर मसुरे गावात आजही उभं आहे आणि त्यात माणसं राहतात. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गेल्या देवदिवाळीची तिन्हीसांज होती.

नम्रता नव्या घराच्या पायरीवर बसली होती. अंगात त्राण नव्हतं. मूळची ती सांगलीकडची. नवऱ्याची, कौस्तुभची, सरकारी नोकरी, त्यामुळे लग्नापासूनचं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंतींत गेलेलं. शेवटी ओरोसची क्वार्टर, तीही ओल धरलेली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी कोणाला तरी विचारायचं. वैतागली होती बिचारी. एकच हट्ट होता तिचा. मरायचं ते स्वतःच्या घरात.

म्हणून ही जागा घेतली. जुनं मातीचं घर पाडून नवं बांधलं. चकचकीत फरशी, ओट्याखाली ट्रॉल्या, सगळं मनासारखं. फक्त दारापुढचं खळं तिला नको होतं. खळं म्हणजे इकडचं अंगण. पाऊस सरला की माती चोपून, शेणाने सारवून ते दरवर्षी नवं करतात.

"एवढी उस्तवार कोण करणार?" म्हणून तिने तिथे पेव्हर ब्लॉक घातले. वर गाडी उभी राहायला लागली.

घर देखणं झालं. पण राहायला आल्यापासून तिला पाहुणी आल्यासारखंच वाटायचं.

आणि त्या तिन्हीसांजेला आवाज आला...

थप... थप... थप...

ओली माती चोपल्यासारखा. अगदी जवळून. गाडीच्या बाजूने.

"शेजारी कोणीतरी खळं करत असेल," कौस्तुभ आतून म्हणाला.

शेजारी? उजवीकडचं घर फक्त मे महिन्यात उघडायचं. डावीकडे काजूची बाग.

मग आवाज थांबला. त्याच्याबरोबर रातकिडेही थांबले...

सकाळी कौस्तुभने गाडी काढली आणि तसाच खाली उतरला.

गाडी जिथे उभी होती, तेवढ्याच चौकोनात ताजं सारवण होतं. बोटांच्या कमानी स्पष्ट दिसत होत्या. मधोमध रांगोळी.

"गाडीखाली धड हात शिरत नाही हो," नम्रता म्हणाली. "हे केलं कोणी?"

कामाला येणारी सुगंधा फाटकातच उभी राहिली. आत येईना.

"वयनी, असा सारवण आमच्या वाडीत एकटी अक्काच घाली."

अक्का म्हणजे या जागेची आधीची मालकीण, मुलाकडे पनवेलला वारलेली.

"झिलान तिका पनवेलाक न्हेल्यान. बाराव्या माळ्यार. थंय तिचो जीव रमाक नाय. मरासर एकच म्हणी, माका माझ्या खळ्यार न्हेवा."

नम्रता त्या रांगोळीपाशी उकिडवी बसली. भीती होतीच, पण त्याहून जास्त कीव आली. दुसऱ्याच्या भिंतींत जीव कसा घुसमटतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने ब्लॉक उखडून टाकले. सुगंधाकडून रीतसर खळं करून घेतलं. गाडी रस्त्यावर गेली. संध्याकाळी दिवा ठेवून, नारळ वाढवून तिने हात जोडले.

"अक्का, खळं तुमचं. घर तेवढं माझं राहू द्या."

त्या रात्री काही वाजलं नाही. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी दाराला आतून कडी होती. जशीच्या तशी.

पण हॉलमध्ये शेणाचा वास येत होता...

चकचकीत फरशीवर ताजं सारवण. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. तिथून वळून थेट बेडरूमच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर रांगोळी.

कौस्तुभ उंबऱ्याच्या आतच थांबला. "विकून टाकू. मी परत क्वार्टर मागतो."

नम्रता खुर्चीत बसली. पुन्हा खोकी बांधायची, पुन्हा दुसऱ्याच्या घरात पडदे लावायचे. नुसत्या विचारानेच तिला थकवा आला.

"मी आता कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून, अगदी दमलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं...

"मिया पण खंय जावचंय नाय."

ते अजून तिथेच राहतात. नम्रता रोज सकाळी उठून आधी फरशी पुसते. सांगलीहून फोन आला की बहीण विचारते, घर आवडलं ना गं?

"छान आहे," नम्रता म्हणते.

पण त्याआधी ती मान वळवून स्वयंपाकघराकडे बघते. आणि आवाज लहान करून बोलते.