उरलेल्या दहा गोळ्या

"हे काय आहे?"

नानाय प्रुदेन्सियानं गोळ्यांचं पाकीट सुनेच्या ताटाशेजारी ठेवलं… आपटलं नाही, नुसतं ठेवलं. आपटलं असतं तर ज्युवेलिनला बरं वाटलं असतं! आपटल्याचा आवाज क्षणात विरून जातो. पण असं हळुवार ठेवलेलं काही तसंच समोर पडून राहतं, फणस घातलेल्या तुरीच्या कालवणाची वाफ अंगावर घेत.

एकवीस गोळ्यांचं पाकीट. अकरा खळगे रिकामे, दहा गोळ्या अजून आत, अंडी उबवत बसलेल्या पाखरांसारख्या शांत.

"औषध आहे, नानाय." सासूला ती आई म्हणूनच हाक मारी, नानाय.

"कशावरचं?"

"अंगावरून फार जातं म्हणून… मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलंय."

"अंगावरून सगळ्याच बायकांच्या जातं! मी काय पुरुष होते? चर्चमधल्या कोन्सिंगला दाखवून आले मी हे. तिची नात इंग्रजी वाचते. पोर होऊ नये म्हणून घेतात म्हणे या गोळ्या." म्हातारीचा आवाज एकाएकी खाली आला. "माझा मुलगा आठ महिने समुद्रावर आहे, ज्युवेलिन. मग पोर होण्याची भीती तुला कुणापासून?"

ज्युवेलिन! सहा वर्षांत सासूनं तिला 'इंदाय' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. आपल्या लाडक्या लेकीला मारावी ती हाक… आणि आज, पाद्र्यानं नोंदवहीतून वाचावं तसं हे पूर्ण नाव! ज्युवेलिनच्या कानांत लाटांचा आवाज सुरू झाला. तो हल्ली केव्हाही सुरू व्हायचा. अंगात रक्त कमी झालं की कानांत समुद्र येतो हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तोवर ती बापडी समजत होती, डिओनेलचं जहाजच ऐकू येतंय!

"नानाय, तुम्ही समजता तसं काही नाही हो…"

"सहा वर्षांत कधी तुला तक्रार करताना ऐकलं नाही. एकदा तरी म्हणालीस, दुखतंय म्हणून? एकदा तरी निजून राहिलीस? मग आजच कुठून आलं हे दुखणं?"

ज्युवेलिननं ताट बाजूला सारलं. आणि खरी गंमत… हिला गंमत म्हणायचं तर… ती इथंच होती. महिन्यातले नऊ-नऊ दिवस ती पहाटे साऱ्यांच्या आधी उठून, विहिरीवर चादरी धुऊन, घरामागं केळीच्या आड वाळत घाली. मागावर बसायच्या फळीवर रबरी कापड, त्यावर घडी, घडीवर घडी. स्कर्ट नेहमी काळा, नाहीतर पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा. लपवण्यात ती इतकी तरबेज झाली होती की आज खरं सांगायची वेळ आली, तर दाखवायला एक डागसुद्धा तिनं शिल्लक ठेवला नव्हता!

लपवलं का, तर डिओनेलसाठी. तीन वर्षांपूर्वी तिचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा तो करार मोडून, जहाज अर्ध्या वाटेत सोडून धावत आला होता. त्यानंतर वर्षभर एकाही कंपनीनं त्याला जहाजावर घेतलं नाही. इंजिनखोलीतला तो उमदा माणूस वर्षभर अंगणात बसून दुसऱ्यांच्या मोटरसायकली दुरुस्त करत राहिला, आणि तिला एका शब्दानं बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्यानं तिचं काळीज पिळवटून निघालं होतं… तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं, माझ्या देहापायी हा माणूस पुन्हा कधी जहाजावरून उतरणार नाही. आणि नानायला सांगणं म्हणजे रविवारच्या फोनवर डिओनेलला सांगणं. म्हातारीच्या पोटात तांदळाचा दाणासुद्धा गुपचूप राहत नसे!

"रविवारी त्याचा फोन येईल," नानाय पाकीट उचलत म्हणाली, "तेव्हा मी त्याला सांगणार आहे. तुझ्या पाठीमागं नाही सांगणार. तुझ्यासमोर सांगेन."

आणि पाकीट तिनं आपल्या खिशात टाकलं.

"नानाय, त्या मध्येच सोडायच्या नसतात! डॉक्टरीणबाईंनी बजावलंय…"

"जेव. गार होतंय."

तो बुधवार होता.

गुरुवारी दोघी नेहमीसारख्या मागावर बसल्या. घराखालच्या पडवीत दोन माग पाठीला पाठ लावून होते, त्यामुळं सहा वर्षं दोघींनी एकमेकींचा धोटा ऐकला होता. काम करतानाचा चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता. ज्युवेलिन बर्फ चघळत होती. हे एक नवंच वेड! शेजारच्या घरातून पिशवीतला बर्फ आणून दिवसभर कुडुम कुडुम खायचा. नानायला वाटे, उकाड्यानं खात असेल. ती स्वतः दर शुक्रवारी अनवाणी चर्चला जात होती, नातवंडासाठी बोललेला नवस पाळत. रक्तात लोह उरलं नाही की माणसाला असा बर्फ खावासा वाटतो, हे दोघींपैकी एकीला माहीत होतं. आणि ती पुढचा खडा तोंडात टाकत होती.

धागे डोळ्यांपुढं तरंगत होते. निळा, पांढरा, निळा… ज्युवेलिनला हल्ली जागेपणी स्वप्नं पडत. ती कुठल्याशा उथळ, कोमट पाण्यातून चालतेय, आणि पाण्याचा रंग कुणीतरी हळूहळू बदलतंय… त्या पाण्याकाठी तिची आजी उभी असे, आणि लाकडी जिना. पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा आजीनं तिला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारायला लावली होती. तीन पायऱ्या, म्हणजे दर महिन्याला तीनच दिवस! सगळ्या मुलींना मारायला लावतात. आणि पहिल्याच वेळी नऊ दिवस झाले तेव्हा आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "तू मेले नक्की नवव्या पायरीवर चढली असणार!" जिन्याला पायऱ्याच मुळी सात होत्या.

औषधं काय थोडी करून पाहिली होती तिनं? आधी दुखण्यावरच्या पांढऱ्या-पिवळ्या कॅप्सूल… दुखणं कमी, वाहणं तेवढंच. मग रक्त धरून ठेवायच्या मोठ्या गोळ्या, दिवसातून तीनदा. त्यांनी दोन महिने हात दिला आणि तिसऱ्या महिन्यात सोडला. आणि मग या. पहिल्या महिन्यात मळमळून जीव नकोसा झाला. पण दुसऱ्या महिन्यात… अहाहा! पाळी पाच दिवसांत संपली. पाचच दिवसांत! त्या सकाळी ती कितीतरी वेळ अंथरुणावर नुसती बसून राहिली होती, चादरीवरून हात फिरवत, जणू कुणीतरी तिला नवीन शरीर शिवून दिलं होतं. हे तिसरं पाकीट…

शुक्रवारी नानाय अनवाणी चर्चला गेली. निघताना नेहमी म्हणायची, "तुझ्यासाठी पण मागते हं." आज म्हणाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं. अकरा दिवस अडवून धरलेलं पाणी बांध फुटल्यावर जसं येतं, तसं आलं. गोळ्या तुटल्यामुळंच हे, ज्युवेलिनला कळलं, आणि नवल म्हणजे तिला राग आला नाही. एक विचित्र, मऊ असं हलकेपण आलं. रविवार यायला एक दिवस होता. एकदा वाटलं, धावत जाऊन सासूचे पाय धरावेत… पण काय म्हणून धरावेत? जे केलंच नाही त्याची क्षमा कशी मागायची?

शनिवारी सकाळी ती मागावर बसली. पायपट्टी दाबली. धोटा गेला, आला. निळा, पांढरा… कोमट पाणी पावलांशी आलं. या खेपेला ते स्वप्नातलं नव्हतं.

पाठीमागं नानायचा माग चालू होता. इकडचा धोटा थांबलेला तिला आधी ऐकू आला. मग काहीतरी मऊ पडल्याचा आवाज.

"ज्युवेलिन?… ए ज्युवेलिन, झोपलीस की काय कामावर?"

ती वळली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं सुनेची बाजू पाहिली. फळी. रबरी कापड. त्यावरच्या सात घड्या, साऱ्या भिजलेल्या. फळीखाली सिमेंटवर पसरत चाललेला तो काळसर लाल आकार, आणि त्यात पांढरीफटक पडलेली पोर…

"इंदाय!" म्हातारीची किंकाळी साऱ्या गल्लीनं ऐकली. "अगं माझे इंदाय!"

इस्पितळात नर्सबाईंनी सांगितलं, रक्त लागेल, घरच्यांनी रक्तदाते आणावेत. नानायनं बाही वर केली.

"माझं घ्या."

"लोला, तुमचं वय?" नर्सनं आजीला मारतात ती हाक मारत विचारलं.

"अठ्ठावन्न."

"कार्डावर सदुसष्ट आहे."

"कार्ड छापणारा दारुडा होता! घ्या म्हणते ना! या हातानं मी तिचं औषध काढून घेतलं, त्याच हातातून घ्या…" आणि मग त्या करारी बाईला, चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईला, तिथं सगळ्यांसमोर रडू फुटलं. शेवटी शेजारच्या दोन विणकर बायकांनी रक्त दिलं. नानाय दोघींच्या उशाशी उभी राहून त्यांना केळी भरवत होती आणि बजावत होती, "चांगलं द्या हं. हात आखडू नका."

पिशवीतलं रक्त थेंबाथेंबानं ज्युवेलिनच्या अंगात उतरत होतं. ती अर्धवट जागी होती, कानांतला समुद्र ओसरत चालला होता, आणि त्या ओसरत्या पाण्यापलीकडून एक ओळखीचा आवाज येत होता…

"बावीस वर्षं मीसुद्धा काळाच स्कर्ट घातला गं. सासऱ्यांना कळू नये, नवऱ्याला कळू नये. मीसुद्धा पहाटेच धुवायची. केळीच्या आडच वाळत घालायची… तीच केळ, इंदाय! तू तिथं चादरी घालायचीस आणि मला वाटायचं, किती टापटीप सून मिळाली. मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण मला कळायला हवं होतं. अध्यक्षीणबाई! कोन्सिंगच्या नातीकडून इंग्रजी वाचून घेत बसले, आणि माझ्याच घरातलं मला वाचता आलं नाही."

ज्युवेलिनला बोलायचं होतं. तिनं फक्त बोटं हलवली. म्हातारीनं ती आपल्या गालाशी धरली.

"नवस बदलला मी," नानाय नाक पुसत म्हणाली. "सांगितलं देवाला, नातवंडाचं राहू दे. आधी ही भरून दे मला. याच्यासाठी हवं तर गुडघ्यांवर येईन."

"गुडघे… दुखतात ना तुमचे?"

"तू गप्प पड. एवढं बोलायला रक्त नाहीये तुझ्यात."

रविवारी दुपारी फोन वाजला. ज्युवेलिन कोपरावर उठू लागली. नानायनं फोन उचलला, आणि तिच्या समोरच बोलायला लागली.

"डिओनेल, आधी नीट ऐक. बस कुठंतरी. तुझी बायको इस्पितळात आहे. आता बरी आहे. नाही… मूल नाही. तिला दर महिन्याला रक्त जातं, बादलीभर, सहा वर्षं. आपल्या दोघांपासून लपवलं तिनं. औषध घेत होती, ते मी काढून घेतलं. का घेतलं ते विचारू नकोस. तुझ्या आईच्या मनात जे आलं ते तिच्या मनातच मरू दे. एवढंच ऐक, चूक माझी आहे. तिची नाही." तिनं फोन दुसऱ्या कानाशी धरला. "आणि जहाज सोडून यायचं नाही! ऐकतोयस? मी आहे इथं. घे, बोल तिच्याशी."

ज्युवेलिननं फोन कानाशी धरला. पलीकडं इंजिनाची घरघर होती.

"मला का नाही सांगितलंस गं?" डिओनेल म्हणाला.

"तू उतरला असतास."

"हो. उतरलो असतो."

"म्हणूनच."

तो पलीकडं रडत होता. ती नव्हती रडत. तिला फार दिवसांनी गाढ, निर्धास्त झोप येत होती. "डिसेंबरात ये," ती म्हणाली. "वेळेवर ये. त्याआधी आलास तर नानाय दार उघडणार नाहीत."

गुरुवारी तिला घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या दुसऱ्या… नवीन पाकीट, पहिल्या गोळीपासून. उरलेल्या दहांचं काय, म्हणून त्यांनी विचारलं. नानाय खाली मान घालून म्हणाली, "देव्हाऱ्यात आहेत. मेणबत्त्यांच्या खणात. पापाची वस्तू म्हणून ठेवल्या होत्या मी. आता कुठल्या तोंडानं काढू!"

तीनचाकी रिक्षा बाजारात औषधाच्या दुकानासमोर थांबली. ज्युवेलिन आतच टेकून बसली, सासू उतरली. दुकानात गर्दी होती, आणि गर्दीत, दुसरं कोण असणार, कोन्सिंग होती.

"माझ्या सुनेच्या गोळ्या द्या," नानायनं चिठ्ठी पुढं केली. "मूल न होण्याच्या असतात ना, त्या. तीन पाकिटं."

एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या मासळीवालीनं सुरी थांबवली.

"अगं बाई," कोन्सिंग तिच्या कानाशी लागली, "हळू बोल की! आणि मुलगा तर समुद्रावर आहे ना तुझा?"

"मुलगा समुद्रावरच आहे," नानाय आवाज तसूभरही न उतरवता म्हणाली. "सून इथं आहे. माझ्या चुकीनं ती जायची होती, ती राहिली. गोळ्या सुनेच्या आहेत. तुला अजून काही विचारायचं असेल तर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर विचार, मी उभी राहून उत्तर देईन. तुझी नात इंग्रजी वाचते ना? तिला सांग, पाकिटावरचं उरलेलंही वाचायला. खाली बारीक अक्षरात पुष्कळ लिहिलेलं असतं."

दुकानातली मुलगी पाकिटं कागदी पिशवीत घालायला लागली.

"पिशवी नको."

"लोला, लोक बघतात म्हणून आम्ही…"

"म्हणूनच नको."

आणि ती बुटकी, ताठ म्हातारी तीन चकचकीत पाकिटं उघड्या हातात धरून भर उन्हात, भर बाजारातून रस्ता ओलांडून आली. ज्युवेलिनला ते सारं हळूहळू घडताना दिसलं, पाण्याखालून बघावं तसं… थबकलेली माणसं, पाकिटांवर चमकणारं ऊन, आणि त्या उन्हातून आपल्याकडंच येणारी ही बाई! आता मात्र तिचे डोळे भरून आले.

नानाय रिक्षात शेजारी बसली. पाण्याची बाटली उघडली. अंगठ्यानं पहिली गोळी खळग्यातून बाहेर काढली. जरा धडपडली, सवय नव्हती. मग रोज जपमाळेचे मणी ओढणाऱ्या त्या बोटांनी ती इवलीशी गोळी सुनेच्या ओठांशी धरली.

ज्युवेलिननं तोंड उघडलं, चर्चमध्ये प्रसादाची भाकर घ्यायला पाद्र्यासमोर उघडतात तसं.

"गिळ," नानाय म्हणाली. "आणि उद्या याच वेळेला. मी आठवण करीन."